उघडा पलंग

सौंसर, १२ जून २०२५

प्रियंका,

जयभीम. वेगळं ‘प्रिय’ लिहीत नाही. तुझ्या नावातच आहे, तेवढ्यावर भागव.

पत्ता लोधीखेड्याच्या आपल्या घराशेजारच्या स्मिताने दिला. मडगावला फिरायला गेली, पोराला ताप भरला म्हणून दवाखाना गाठला, तर थर्मामीटर घेऊन समोर तू. परत आल्यावर ती मला म्हणाली, "मले वाटलं करुणाताईच आली, फक्त बारीक होऊन." तू तिला पत्ता दिलास आणि फोन नंबर दिला नाहीस. "ताईले लिहायचं असन तं लिहू दे," म्हणालीस म्हणे. बरं. लिहिते.

पाठवणाऱ्याच्या पत्त्यात जिल्हा पांढुर्णा वाचून गोंधळू नकोस. तू गेलीस तेव्हा आपण छिंदवाड्यात होतो. आता जिल्हा बदलला, बाकी सौंसर आहे तिथेच आहे.

पत्राचं निमित्त सरकारी आहे. विद्यापीठाने नर्सिंगच्या मुलींसाठी पांढुर्ण्याच्या रस्त्यावर नवीन छात्रावास बांधला. पोळ्याच्या आधी मुली तिकडे हलवायच्या आहेत, कारण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत दगडांनी डोकी फुटलेल्यांना पट्ट्या बांधायची ड्यूटी लागली की सामान बांधायला कोणी सापडत नाही. उद्घाटनाला स्मरणिका निघणार. तिच्यासाठी जुन्या छात्रावासाचा इतिहास हवा, दोन पानं, हिंदीत. मी अधीक्षिका, म्हणून काम माझ्या गळ्यात. मोठ्या साहेबांनी फोनवर विचारलं, "पुरानी बिल्डिंग का कोई नाम था?" मी म्हटलं, लोक जिन म्हणतात. साहेब दचकले. "जिन्न?" मी म्हटलं, नाही साहेब, जिनिंग. आधी इथे रुईचं गोदाम होतं.

तर रोज दुपारी बसते, हिंदीत दोन ओळी लिहिते आणि तुझ्यापाशी येऊन अडते.

पहिली ओळ सोपी आहे. शेठची जिनिंग बंद पडली, गोदाम सरकारने घेतलं, मधे भिंती घालायचा खर्च वाचवला आणि लांबच लांब हॉलमध्ये लोखंडी पलंग मांडले. आधी आरोग्य कार्यकर्त्या शिकल्या, मग नर्सिंगची शाळा आली, मग कॉलेज, मग विद्यापीठाचा शिक्का. बाहेरची पाटी बदलत गेली. आत अजूनही पंखा जोरात लावला की आढ्यावरून कापूस खाली येतो.

दुसरी ओळ आपल्या हॉलच्या नियमाची. तुला माहीत आहे, पण साहेबांना समजेल असं लिहून पाहते, कुठे चुकलं तर सांग. पहिल्या मेट्रनबाई केरळच्या. त्यांना देवनागरी वाचता येत नव्हती, त्यामुळे मुलींच्या रजेच्या चिठ्ठ्या त्यांच्या उपयोगाच्या नव्हत्या. मग त्यांनी नर्सिंगच्या पुस्तकातलाच धडा हॉलला लावला. वॉर्डात पेशंट येणार असेल तर वरची चादर उशीपासून खाली दुमडून ठेवतात. तो उघडा पलंग. कोणी येणार नसेल तर चादर उशीवरून सरळ ओढून झाकून टाकतात. तो बंद पलंग. हॉलमध्येही तसंच. संध्याकाळी परत येणारी मुलगी पलंग उघडा ठेवून जाईल, घरी जाणारी बंद करून जाईल. बाई दारात उभ्या राहून एक नजर फिरवायच्या आणि किती जणींचा भात टाकायचा ते मेसच्या कलाबाईला सांगायच्या. बाई रिटायर झाल्या, नंतरच्या रेक्टरबाईंना देवनागरी उत्तम वाचता यायची, चिठ्ठ्याही आल्या आणि दंडही आला. पण पलंगाचा नियम कोणी मोडला नाही.

तिसरी ओळ लिहिता येत नाही.

दोन हजार दहा. तू इथे शिकत होतीस. शनिवार. तू मुलींना म्हणालीस, जामसावळीला जाते. आपण कुठे हनुमानाला जातो, पण शनिवारी तिथे गर्दी असते आणि पोरींना बाहेर पडायला तेवढंच कारण. तू आली नाहीस. दुसऱ्या दिवशी मला सासरहून, पांढुर्ण्याहून, बोलावलं. मी तुझा पलंग स्वतः पाहिला. उघडा होता. घडी जरा वाकडी होती. तू कधी वाकडी घडी घालत नव्हतीस, तुला मीच शिकवलं होतं. मी म्हटलं, घाईत असेल.

पलंग उघडा, म्हणजे तू परत येणार होतीस. म्हणजे रस्त्यात काहीतरी झालं. बाबांनी नगरपालिकेतून रजा काढली आणि संत्र्याच्या बागांतल्या विहिरी पाहत फिरले. प्रत्येक विहिरीत वाकून पाहायचे आणि बागवाल्याला म्हणायचे, तिचा पलंग उघडा आहे.

मग तुझा फोन आला, बाबांच्या मोबाइलवर. मी उचलला. तू म्हणालीस, "मी बरी आहे. म्या तं सांगून गेली होती, ताई."

मी तुला खोटारडी म्हणाले आणि फोन ठेवला. नंतर तो नंबर लागला नाही.

प्रियंका, मी सगळ्यांना विचारलं होतं. हॉलमधल्या प्रत्येक मुलीला, रेक्टरबाईंना, आईला. तू कोणालाही काही सांगितलं नव्हतंस. तुझं जाणं मी गिळलं आहे, ते वाक्य गिळता येत नाही. मला फक्त एक नाव कळव. कोणाला सांगून गेली होतीस?

करुणा


सौंसर, ३ जुलै

प्रियंका,

उत्तर नाही. ठीक आहे. गोव्याहून पत्र यायला वेळ लागत असेल.

इतिहास तसाच पडला आहे. साहेबांचा पुन्हा फोन आला, "दो पन्ने ही तो हैं, मैडम." दोनच पानं आहेत हे खरं.

माझं काय झालं ते तुला कोणी सांगितलं असेल असं वाटत नाही. हेमंत आधी नुसता माझा दीर होता. एका दिवाळीत बाबा पांढुर्ण्याला आले, सासऱ्यांशी बोलले, आणि चहाचे कप उचलेपर्यंत तो तुझा होणारा नवरा झाला. दोघी बहिणी एका घरात, दोघी नर्स, सगळ्यांना फार सोयीचं वाटलं. मलाही वाटलं.

तू गेल्यावर सासरी कोणी भांडलं नाही. जेवायला वाढत होते, बोलवत होते. फक्त सासूबाई माझ्याशी बोलताना भिंतीकडे पाहायच्या. तुझे भाऊजी म्हणाले, "हेमंतची सोयरीक दुसरीकडे जुळतवर तू सौंसरलेच राह्य. लोक नाव ठेवून राहिले." मी एक बॅग घेऊन जिनात आले. हेमंतची जुळली. आता त्याला दोन मुलं आहेत आणि पोट सुटलं आहे. मला परत बोलवायचं मात्र सगळे विसरले. मीही आठवण करून दिली नाही. तुझे भाऊजी दसऱ्याला फोन करतात, तब्येत विचारतात. मी बरी आहे म्हणते.

तेव्हापासून मी हॉलच्या दाराशेजारच्या खोलीत राहते. आधी शिकवायचे, मग अधीक्षिका झाले. खिडकीखालचा तुझा पलंग कोणाला दिला नाही. चादर मळली की बदलते आणि परत खाली दुमडून ठेवते. नव्या मुली विचारतात, हा कोणाचा? जुन्या त्यांना सांगतात, मॅडमच्या बहिणीचा. ती जामसावळीला गेली आहे.

हसू नकोस. मीही आता हसत नाही, ऐकते आणि हजेरी घेते.

तुझ्यावर राग धरणं मला सोपं गेलं असतं. माझं घर तुझ्यापायी गेलं, हे कोणीही कबूल करील. पण पलंग उघडा होता. तू ठरवून गेली नव्हतीस, निघालीस तेव्हा संध्याकाळी परत यायचं तुझ्या मनात होतं, पुढे रस्त्यात काय झालं ते झालं. त्या एका घडीवर मी तुला माझी बहीण म्हणून धरून आहे. ते गेलं तर माझ्याजवळ तुझं काही उरत नाही.

बाबांचं सांगायचं राहिलं. बाबा गेले.

एकवीस साली मुली घरी पाठवल्या आणि जिनात करोनाचे पेशंट ठेवले. स्मरणिकेत हे दोन ओळींत घालायचं आहे, साहेब म्हणाले, गौरवाची गोष्ट आहे. बाबांना लोधीखेड्याहून आणलं तेव्हा हॉल भरलेला होता. तुझा पलंग आणि त्याच्या बाजूचा, एवढेच रिकामे. ऑक्सिजनची नळी तुझ्या पलंगापर्यंत नीट पोचत होती, म्हणून मी त्यांना तिथे घेत होते. बाबांनी पाय खाली सोडले. म्हणाले, "हा प्रियंकाचा होय. मले बाजूचा दे. ते आली तं कुठी निजन?"

मी नळी जोडून लांब केली आणि त्यांना बाजूचा दिला. ते गेले तेव्हा कुशीवर होते, तोंड तुझ्या पलंगाकडे. नर्सने जे करायचं असतं ते सगळं मी केलं, डोळे मिटले, वेळ लिहिली, आणि ट्रे उचलून पुढच्या पेशंटकडे गेले. रडायचं तेव्हा राहून गेलं. पुढे कधी जमलं नाही.

आई लोधीखेड्यालाच आहे. कान गेले आहेत, बाकी ठीक.

नाव कळव.

करुणा


सौंसर, २४ जुलै

प्रियंका,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. पोस्टमनने मुलींसमोर दिलं, म्हणजे मुलींनीही वाचलं असणार.

‘म्या सांगून गेली होती, ताई.’

एवढंच. ना सही, ना जयभीम. बाबा गेले हे वाचून तुला हेच लिहावंसं वाटलं. मी नाव विचारलं होतं. इतक्या वर्षांत तू तेच वाक्य सांभाळून ठेवलंस आणि जसंच्या तसं परत पाठवलंस. अक्षर मात्र अजून शाळेतल्यासारखंच आहे, ‘त’चा पाय लांब.

मी आता विचारणार नाही. नवीन हॉलमध्ये तुझा पलंग नेणार नाही. जी पहिली मागेल तिला देऊन टाकीन, आणि मुलींनी विचारलं तर सांगेन की मॅडमला बहीण नाही.

आपल्या दोघींत बोलायला काही उरलं असेल तर ते तू बोल. माझं संपलं.

करुणा


सौंसर, १० ऑगस्ट

प्रिय प्रियंका,

सप्रेम जयभीम.

मागचं पत्र फाडून टाक. आधी घडलं ते सांगते, क्रमाने, नाहीतर माझ्याच ध्यानात राहणार नाही. दोन दिवस झाले, मी जेवते, झोपते, मुलींवर ओरडते, पण आतून सगळं भूल दिल्यासारखं आहे.

शुक्रवारी हॉलचं सामान बांधायला काढलं. कलाबाई आली होती. मेस आता तिची सून चालवते. कलाबाईला दिसत कमी, पण लसूण सोलायला अजून येते, सुनेच्या हातची लसूण तिला पटत नाही. मी पलंगांवर खडूने नंबर टाकत होते. तुझ्या पलंगावर ‘देणे’ असं लिहिलं. कलाबाईने विचारलं, "पोरीची चिठ्ठी आली म्हनतात. काय लिहिलं व?"

मी वाचून दाखवलं.

"कोनाले सांगून गेली होती?"

"कोणालेच नाही, कलाबाई. खोटं बोलून राहिली."

ती लसूण सोलत राहिली. मला वाटलं, विषय संपला. मी पुढच्या पलंगाकडे गेले. मग मागून आवाज आला.

"पलंग तं बंद होता, बाई."

"कोणता?"

"तिचाच. त्या शनवारी म्या हॉल झाडाले गेली, तं चादर उशीवरून पार ओढेल, कोपरे दाबेल, एकदम बंद. अन् घरी जायची चिठ्ठी तं तिनं देली नव्हती. म्या म्हनलं, पोट्टी इसरली. रेक्टरबाईनं पाह्यलं असतं तं पोरीले दंड झाला असता. मंग म्याच चादर खाली उलटून देली. भातई टाकला होता म्या तिचा."

मी खडू खाली ठेवला.

"मंग सांगितलं काऊन नाही?"

"पोलीस आले नं व. मले भेव वाटला. अन् मंग तुहा बाप रोज दारात येऊन इचारे, पलंग उघडाच हाय नं, कलाबाई? म्या कोन्या तोंडानं सांगू त्याले, तो बंद होता म्हून? थो तेवढ्यावरच जगून राह्यला होता."

तिचे हात लसणातच होते. ती रडत होती की डोळ्यांतून तिला नेहमीच पाणी येतं, ते मला कळलं नाही. मी तिच्यासमोरची सालं गोळा केली आणि बाहेर टाकून आले.

ती वाकडी घडी कलाबाईची होती. तिला हे पुस्तकातलं कुठे ठाऊक, तिने घरची गोधडी दुमडावी तशी दुमडली.

प्रियंका, तू सांगून गेली होतीस.

हॉलमध्ये सांगायची जी एक रीत होती, त्या रीतीने सांगितलंस. चादर पूर्ण ओढून, कोपरे दाबून, मी शिकवल्याप्रमाणे. तुला वाटलं असणार, ताई येईल, पलंग पाहील, तिला कळेल की मी माझ्या पायांनी गेले आहे, कोणी विहिरी शोधायला नकोत. आणि मग तू फोन केलास तर ताईने खोटारडी म्हटलं. तू काय समजली असशील? की बंद पलंग पाहूनही आम्ही न पाहिल्यासारखं केलं. इतकी वर्षं तू तिकडे हेच समजून बसलीस, आणि मी इकडे दुसरंच.

खरं सांगायचं तर आता मला राग यायला हवा होता. तू ठरवून गेलीस. ज्या घडीसाठी मी तुला माफ केलं होतं, ती घडी तुझी नव्हतीच. मी काल दिवसभर रागाची वाट पाहिली. भांडी मोजायला घेतली, गाद्या उन्हात टाकल्या, तरी आला नाही. त्याऐवजी बाबा आठवले, विहिरीत वाकलेले, आणि पहिल्यांदा रडू आलं. गाद्यांवरच बसून रडले. मुली घाबरून पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. मग मला एवढंच वाटत राहिलं की माझी बहीण खोटं बोलत नव्हती. मला हेच हवं होतं, ते इतक्या उशिरा मिळालं.

आणखी एक. हेमंतबद्दल तुला कोणी विचारलं नव्हतं. बाबांनी नाही, आईने नाही, मी तर सासरी साड्यांचे रंग ठरवत होते. त्या सगळ्यात तुझ्या हातात काहीच नव्हतं, एक पलंग बंद करणं सोडून. तेही नीट झालं नाही.

कलाबाईवर रागावू नकोस. मीही रागावणार नाही. तिने तुला दंडापासून वाचवलं, तिच्या हिशेबाने.

इतिहास आज सकाळी पाठवला. दोन पानं भरली. जिनिंगचं गोदाम आहे, मेट्रनबाई आहेत, करोना आहे. शेवटी एक ओळ माझ्या मनाने घातली: ‘इस छात्रावास से जो भी लड़की गई, बताकर गई।’ साहेबांनी लगेच फोन केला, इसका मतलब क्या है, मैडम? मी म्हटलं, साहेब, असू द्या, मुलींना कळेल. त्यांनी ठेवली.

काल संध्याकाळी मुली नवीन हॉलमध्ये गेल्या. तिथे खोल्या आहेत, खोलीत दोन-दोन पलंग, आढ्यावरून काही पडत नाही. तुझा पलंग मी टेम्पोत चढवला. ‘देणे’ पुसलं. माझ्या खोलीत खिडकीखाली लावला आहे, भिंतीपासून सुटा, म्हणजे दोन्ही बाजूंनी उभं राहता येईल.

त्यावर चादर घातलेली नाही. तुला आठवत असेल, तुझ्या ॲडमिशनच्या आधी लोधीखेड्याला मी तुला आपल्या बाजेवर शिकवलं होतं. एका बाजूला तू, एका बाजूला मी, चादर मधे झटकायची, दोघींनी एकदम ओढायची, कोपरे एकदम दाबायचे. तू नेहमी जास्त ओढायचीस आणि माझा कोपरा सुटायचा. वॉर्डातही पलंग दोघींनीच करायचा असतो. मी तुझा पलंग इतकी वर्षं एकटीने केला. एक कोपरा दाबून फिरून दुसऱ्या बाजूला गेलं की पहिला ढिला पडलेला असतो. आता मला ते होत नाही, गुडघेही दुखतात.

धुतलेली चादर गादीवर घडी करून ठेवली आहे. मडगावहून नागपूरपर्यंत गाडी आहे, पुढे बस तुला ठाऊक आहे. एकदा ये. दुसरी बाजू धर. चादर घालून झाली की पलंग उघडा ठेवायचा की बंद, ते तू सांग.

तुझी,
करुणाताई